आमच्या गावच्या सीआरपी ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला आले की तुम्ही "आधी चहा टाक" म्हणून विषय बदलता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. आणि खानापूर तालुक्यातल्या आपल्या गावात सीआरपी ताई, म्हणजे बायांच्या बचत गटांचं काम बघणाऱ्या ताई, म्हटलं की पोरासोरांनाही कळतं कोण ते.

२०२२ च्या मार्चमध्ये आमची विहिरीवरची पाच एचपीची मोटार जळली. रात्रीची लाइट, त्यात तीनांतला एक फेज गेलेला. मोटार दोन फेजवर तशीच घुरघुरत राहिली आणि सकाळी विहिरीवर गेले तर जळका वास. आमचे मालक कोइमतूरला गलाईच्या दुकानात. विटा, खानापूर, आटपाडीकडं अशी घरं गल्लोगल्ली आहेत. माणसं सोनं-चांदी गाळायला परराज्यात. रान, जनावरं आणि म्हातारी माणसं बायांच्या जिवावर. मोटार विट्याला टाकली ती बाराव्या दिवशी भरून, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळून, मिळाली. तोवर चाऱ्याचा मका करपला होता.

त्याच आठवड्यात गटाच्या बैठकीत मी शिलाईच्या प्रशिक्षणाला नाव द्यायला उठले. तुम्ही नाव लिहिलं नाही. उलट विचारलंत, "मोटार भरायला किती घेतले? किती दिवस लागले?" मग म्हणालात, "गावात शिलाई मशीन तेरा. मोटार भरणारा एक तरी आहे का? सांगलीच्या आरसेटीत, बँकेच्या त्या मोफत प्रशिक्षण केंद्रात, महिन्याचा कोर्स आहे. शिकतेस का?" बाया हसल्या. मी हसले नाही, कारण तुम्ही हसत नव्हता.

बायांचं प्रशिक्षण म्हटलं की शिलाई, पार्लर, पापड-लोणची. यातलं कुठलंच काम हलकं नाही, आमच्या गटातल्या दोघींची घरं शिलाईवर चालतात. पण गावाला काय लागतं ते आधी बघायचं आणि मग बाईला शिकवायचं, हा विचार मी पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकला.

त्यानंतर कागदांचं सुरू झालं. दहावीचं गुणपत्रक माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं, आणि लग्नाची नोंद आम्ही कधी केलेलीच नव्हती. दोन्ही नावं एकाच बाईची, हे सिद्ध करायला विवाह नोंदणीचा दाखला हवा. तो ग्रामसेवकाकडून मिळतो, पण नवरा-बायको दोघं हजर पाहिजेत आणि तीन साक्षीदार पाहिजेत. आमचे हे वर्षातून दोनदा येणार, यात्रेला आणि दिवाळीला. तुम्ही त्यांना फोन करून बजावलंत, की भाऊबीज झाली की लगेच परतायचं नाही, ग्रामपंचायत उघडेपर्यंत थांबायचं. ते थांबले. तीन साक्षीदारांतली एक सही तुमची. किती बायांचं शिक्षण या दोन नावांच्या मध्ये अडकून पडलं असेल, असं मला त्या दिवशी वाटलं, आजही वाटतं. शासनानं प्रशिक्षण मोफत केलं, जेवणखाण आणि राहणं मोफत केलं, हे फार मोठं आहे. पण दारापासून त्या वर्गापर्यंतच्या वाटेत जे आडवं येतं ते कुणीतरी हातानं बाजूला करावं लागतं.

आमची तुकडी निघाली २०२३ च्या एप्रिलमध्ये. पोरगी पाच वर्षांची, तिला सोडून मुक्कामी राहणं मला जमणार नव्हतं. १७ मार्चपासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं होतं, म्हणून रोज जाऊन-येऊन करता आलं. पूर्ण तिकीट असतं तर आठवड्यातच मी घरी बसले असते. आत्यांचं, म्हणजे सासूबाईंचं, गुडघ्याचं दुखणं तुम्हाला ठाऊक होतं. संध्याकाळची गाडी चुकली की तुमची थोरली आमच्या म्हशीची धार काढून जायची. ते तिला कुणी सांगितलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

तीस जणांत आम्ही दोघीच बाया. पण एका गोष्टीत मी पुढं होते. जळलेली वायंडिंग, म्हणजे मोटारीतली गुंडाळलेली तार, काढायच्या आधी सगळं वहीत उतरवून घ्यायचं असतं: तार बसवायच्या खाचा, म्हणजे स्लॉट किती, एका कॉइलला वेढे किती, तार कुठल्या गेजची, कॉइल कितव्या स्लॉटमधून कितव्यात जाते. एक आकडा चुकला की नवी तांब्याची तार फुकट. मी चार वर्षं गटाचं पुस्तक लिहीत होते. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब, सगळं नियमित, ही पंचसूत्री तुम्हीच घोकून घेतली होती. सरांनी माझी वही वर्गात फिरवली.

तरी महिनाभरात कारागीर होत नाही. घरी येऊन मी आमचीच एक जुनी मोटार भरली, ती तिसऱ्या दिवशी जळली. स्लॉटमधला कागद फाटून तार लोखंडाला लागली होती. मी दोन दिवस जेवले नाही. तुम्ही मला विट्याच्या एका वायंडिंगच्या दुकानात घेऊन गेलात आणि म्हणालात, "हिला चार महिने बसू द्या, पगार नको." ते चार महिने नसते तर माझं प्रमाणपत्र भिंतीवर राहिलं असतं. धोरण आखणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर माझी विनंती आहे, की कोर्सनंतरची ही उमेदवारी योजनेतच लिहा. ती ताईंच्या ओळखीवर सोडू नका.

मग बँक. मुद्राचं शिशु कर्ज, ५०,००० पर्यंत, तारण लागत नाही. तिथं मला सांगितलं, "मालकांना घेऊन या." मी मुकाट्यानं परत निघाले होते. तुम्ही म्हणालात, "कर्ज हिच्या नावावर, सही हिची, कागद पूर्ण आहेत. काय कमी आहे ते लिहून द्या." आवाज चढवला नाहीत. कुणी लिहून दिलं नाही, आणि अर्ज पुढं गेला.

महाराष्ट्रानं १९९४ साली देशातलं पहिलं महिला धोरण काढलं. माझा जन्म त्याच सालचा. २०२४ ला चौथं धोरण आलं, तोवर माझ्या दुकानावर पत्रा चढला होता. मधली सगळी वर्षं ते धोरण कागदावर असेल. माझ्या घरी आलं ते तुम्ही आलात तेव्हा. आणि त्या वेळी तुमचं मानधन होतं महिन्याला ३,००० रुपये. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ते ६,००० झालं. त्यातूनच रिचार्ज, त्यातूनच विटा-सांगलीच्या फेऱ्या. ६,००० सुद्धा पुरे नाहीत, हे मी कुठंही उभं राहून सांगेन.

आता ज्यांची माणसं गलाईला गेलीत त्या बाया सरळ मला फोन लावतात. रात्री अकरालासुद्धा. स्टार्टर पडलाय, की फेज गेलाय, की खरंच मोटार गेली, हे मी फोनवरच विचारून घेते. पुष्कळदा मोटार विहिरीतून काढायचीच गरज पडत नाही. ज्यांच्याकडं सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटार आपोआप बंद करणारं यंत्र, नाही त्यांना ते बसवायला लावते. त्यानं माझं गिऱ्हाईक कमी होतं, पण कुणाचा मका करपत नाही.

मागच्या महिन्यात तुमची मोटार आली. मी पैसे घेणार नव्हते. तुम्ही नोटा मोजून टेबलावर ठेवल्या आणि म्हणालात, "हिशोब लेखन नियमित. पावती फाड."

फाडली. तिची स्थळप्रत माझ्या पुस्तकात आहे, तुमच्या नावाची.

तुमची,
गटाचं पुस्तक लिहिणारी
ता. खानापूर, जि. सांगली