नावं माहीत नसलेल्या मंडळींना थँक्यू

नाशिकच्या डॉक्युमेंट्री फेस्टिव्हलला ज्यांनी हातभार लावला पण स्टेजवर एकदाही आले नाहीत, त्यांच्यासाठी ही पोस्ट. आधी मागच्या रांगेतली ती ताई, जी शेजारच्या आज्जींना इंग्लिश सबटायटल्स हळू आवाजात मराठीत सांगत होती, तेही पूर्ण फिल्मभर, आणि मग आजूबाजूच्या बायकापण तिच्याकडेच सरकल्या. ताई, तुमच्यामुळे फिल्म कळली त्यांना. मग ते निफाडकडचे काका, कांद्यावरची फिल्म संपल्यावर उठून म्हणाले की साठवणीच्या चाळीत कांदा सडतो ते दाखवलंच नाही, आणि पुढची सगळी चर्चा त्यावरच, डायरेक्टर वहीत लिहून घेतोय. मल्टिप्लेक्सला होतं का असं कधी? इथे अंबडचे कामगार आणि कॉलेज रोडची पोरं एकाच फिल्मवरून वाद घालतात, मला तर तेच आवडतं.

तसं हे दादासाहेब फाळक्यांचं गाव, जन्म त्र्यंबकचा, आणि १९१३ च्या त्या ‘राजा हरिश्चंद्र’ फीचर फिल्मच्या आधी १९१२ मध्ये त्यांनी वाटाण्याचं रोप वाढताना थोडं थोडं करून शूट केलेलं, म्हणजे डॉक्युमेंट्री आपल्याला काही नवीन नाही बरं का (पांडवलेणीच्या पायथ्याच्या स्मारकात आपण मात्र सेल्फी काढून येतो).

लाईट गेल्यावर स्वतःच्या दुकानाच्या इन्व्हर्टरवरून वायर टाकून देणारे दादा, सतरंज्या उचलणारी मुलं, चहाचे पैसे न घेणारे मामा, सगळ्यांना मनापासून थँक्यू. पुढच्या वेळी पहिल्या रांगेत बसा, जागा धरून ठेवतो.