बंड्या, शपथ मोडू का?

सातारा,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय बंड्या,

तुझं पत्र गेल्या गणपतीतलं. आता पुढचे गणपती जवळ आले तरी माझं उत्तर नाही. शिव्या द्यायच्या असतील तर खुशाल दे, पण आधी हे शेवटपर्यंत वाच. फोनवर बोलता आलं असतं, पण आमच्या घरात फोन म्हणजे स्पीकर. लिहून फोटो पाठवला असता, तर माझा फोन माझ्यापेक्षा मनूच्या हातात जास्त असतो. म्हणून आपला जुना मार्ग, पोस्टाची पेटी.

सगळे बरे आहेत. माझी शुगर आहे तिथंच आहे, हिची कंबर मधूनमधून धरते. तुझ्या आईकडं, काकूंकडं, परवाच जाऊन आलो. बीपीची गोळी बदललीय, बाकी ठणठणीत. तुझ्या नावानं बोटं मोडायला भरपूर जोर आहे.

आता मुद्द्याचं. मनूला ठोसेघरच्या धबधब्यावर जायचंय. पुढच्याच्या पुढच्या रविवारी, मैत्रिणींबरोबर, स्कूटीवरून, भर पावसात.

वाचून तुझा उजवा गुडघा ठणकला की नाही? माझ्या तर पोटात गोळा आला.

आज सगळे लिंबला गेलो होतो, बारा मोटेच्या विहिरीवर. पुणे रस्त्यानं जायचं, लिंब फाट्यावरून आत वळायचं, की झाली सहल. हिनं धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी आणि बटाट्याची सुकी भाजी बांधून घेतली होती. विहीर काय देखणी आहे रे! वरून बघितली तर शिवलिंगासारखी, आत ११० फूट खोल, जिन्यानं उतरलं की अंगावर गार हवा येते. बारा मोटा एका वेळी चालायच्या, म्हणून ते नाव. वर छोटा महाल, भिंतींवर कोरीव काम. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ मध्ये बांधून घेतली, हे मी पाठ केल्यासारखं सांगत होतो. तेवढ्यात मनू कठड्यावरनं म्हणते, "बाबा, आपल्या सहलीला पाणी चालतं ते फक्त विहिरीतलं."

ही हसली. धाकटा हसला. मीपण हसलो.

मग तिनं यादीच काढली. माहुलीला गेलो की संगमावर पायरीवरच बसायचं, खाली उतरायचं नाही. मेणवलीला गेलो की नाना फडणवीसांचा वाडा बघायचा आणि घाटावरची घंटा बघायची. ती वसईहून चिमाजी अप्पांच्या स्वारीत आलेली, तिच्यावर १७०७ साल कोरलंय, हे तिलाही पाठ झालंय. वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन आणि परत. कासला सप्टेंबरात, तेही ऑनलाइन बुकिंग करून, तेरडा आणि सीतेची आसवं ही फुलं बघून सरळ घरी. आणि सज्जनगडावर दर वर्षी. "गडावरनं खाली परळीत आलो की ठोसेघर पुढं दहा-बारा किलोमीटर राहतं, आणि तुम्ही दर वेळी गाडी साताऱ्याकडं वळवता. का?"

सांग, काय सांगू?

मी म्हटलं घाटात धुकं असतं. ती म्हणाली धुकं बघायलाच जायचंय. मी म्हटलं बोरणे घाटात दरड येते. ती म्हणाली आली तर आम्ही खालीच थांबू. मी बिबट्याचं नाव काढलं, तर धाकटा म्हणाला, "मग मीपण येतो." आणि हिनं तर कमालच केली. म्हणाली, "तुम्ही आणि बंडूभावजी काकांच्या एम-एटीवरनं सगळा जिल्हा उंडारत होतात, तेव्हा कोण अडवत होतं? पोरगी एकोणीसची झाली. जाऊ दे तिला."

त्यावर मी काय बोलणार! एम-एटीचं नाव निघालं की माझी बोलती बंद होते, हे तिला ठाऊक आहे. कारण मात्र ठाऊक नाही.

१९९४ चा तो श्रावण मी कुणालाच सांगितलेला नाही. हिलाही नाही, आईला तर ती गेली तोपर्यंत नाही. तू माझ्याकडून गडाकडं तोंड करून शपथ घेतलीस, अंगातनं पाणी निथळतंय, दात वाजतायत, आणि म्हणे, "आमच्या आईला कळलं तर ती मला साताऱ्यात ठेवणार नाही." काकू अजून म्हणतात की बंड्याचं ढोपर बोगद्याच्या उतारावर सायकलवरनं पडून फुटलं. मी मान डोलावतो. एकतीस वर्षं मान डोलावतोय लका, मानेचा पट्टा लागायची वेळ आली.

पलीकडच्या कातळावर जाऊन बघू, असं कोण म्हणालं होतं, हा वाद मी आज काढत नाही. पण तूच म्हणाला होतास.

मला सारखं आठवतं ते तू पडलास ते नाही. त्याच्या आधीचं. आपण ओढ्यात उभे होतो, पाणी घोट्यापर्यंत, इतकं नितळ की तुझ्या पॅरागॉनच्या निळ्या पट्ट्या दिसत होत्या. आपल्या डोक्यावर पाऊसही नव्हता. वरच्या अंगाला चाळकेवाडीच्या पठारावर मात्र काळंभोर आभाळ होतं, ते आपण बघितलं आणि "काय मस्त दिसतंय" म्हणालो. मग पाण्याचा रंग बदलला. आधी चहासारखं, मग काटक्या आल्या, पालापाचोळा आला. पठारावर नुसता सडा, म्हणजे उघडा कातळ, माती बोटभर, पडलेलं पाणी मुरणार कुठं? सगळं थेट ओढ्यात. हे आपल्याला नंतर कळलं. तेव्हा आपण काटक्यांकडं बघत उभे. किती वेळ, देव जाणे. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा तू निघालास, आणि शेवाळावर पाय गेला.

तुझ्या खांद्यावरच्या शबनम पिशवीचा पट्टा माझ्या हाताला लागला म्हणून वाचलास. नाहीतर खाली काय आहे ते तुला माहीत आहे.

तू वर आल्यावर पहिलं वाक्य काय बोललास, आठवतंय? "काकांच्या गाडीची किल्ली खिशात आहे का बघ." त्या क्षणी तुला परत आत ढकलावंसं वाटलं होतं.

तेव्हापासून मला तो एक चाळा लागलाय. माहुलीच्या घाटावर पोरं खेळत असतात, आणि माझी नजर पाण्याच्या रंगावर. जरा काटक्या वाहत आल्या की दोघांची बखोटी धरून वर. लोकांना वाटतं हा माणूस फारच भित्रा. हिलापण तसंच वाटतं.

आता म्हणशील, ठोसेघर काय तेव्हाचं राहिलंय का? नाही. कठडे आहेत, धबधबा बघायला गॅलरी आहे, आत जायला तिकीट आहे. माणूस त्या गॅलरीत उभा राहिला तर काही होत नाही, मलाही कळतं. पण मनू गॅलरीत उभी राहणारी नाही रे. ती तुझ्यासारखी आहे. हिला तसं बोलून दाखवत नाही, पण खरंच तुझ्यासारखी आहे. कठडा दिसला की पलीकडं काय आहे ते आधी बघणार. प्रशासन पावसाळ्यात मधूनमधून धबधब्यांवर बंदी घालतं, तर मी रोज सकाळी पेपरात आधी तेच शोधतो. तेही किती दिवस पुरणार? आणि बंदी उठली की?

तिला "जाऊ नको" म्हणून भागणार नाही. मला तिला पाण्याचा रंग सांगायचाय. काटक्या दिसल्या की बघत उभं राहायचं नाही, मागं फिरायचं, आणि वर आभाळ कसं आहे ते आधी बघायचं. हे तिला आपलं झालं ते सांगितल्याशिवाय पटणार नाही. नुसतं सांगितलं तर ते घंटेवरच्या १७०७ सारखं होणार, हो बाबा, माहितीये बाबा.

पण मनूला सांगितलं की संध्याकाळपर्यंत यादोगोपाळ पेठेत पोचलं म्हणून समज. ती आठवड्यातनं दोनदा काकूंकडं जाते, काकू तिला लाडू देतात आणि ती काकूंना सगळ्या जगाच्या बातम्या. तेव्हा शपथ मोडायची तर तुला विचारूनच. निम्मी गोष्ट तुझी आहे. माझी सूचना अशी की काकूंना आधी तूच फोन कर. त्या दोन दिवस बोलणार नाहीत, तिसऱ्या दिवशी मला बोलावून शिव्या देतील, त्या मी खाईन. ब्याऐंशीच्या बाईला धक्का बसेल वगैरे मला सांगू नकोस. तुझी बायको पहिल्यांदा घरी आली तो धक्का त्यांनी पचवलाय.

ही म्हणते, एवढी काळजी आहे तर सगळेच जाऊ गाडीनं. तोही विचार करून बघितला. बोगद्यातनं बाहेर पडेपर्यंत ठीक आहे, पुढं परळीला पोचलो की माझे हात आपोआप गाडी वळवतील असं वाटतं. बघू. कदाचित जाईनही.

तुझं काय चाललंय? नागपूरला कायमचा राहणार की बदली मागणार? धाकट्याची बारावी यंदा ना? वहिनींचा खांदा बरा झाला का? सगळं सविस्तर कळव, मी मात्र विचारायला उशीर केला हे खरं.

पत्र स्पीड पोस्टानं टाकतोय. मिळालं की मला मेसेज कर, फक्त "हो" किंवा "नाही", बाकी एक अक्षर नको, मनू वाचते. आणि "हो" असेल तर आधी काकूंना फोन, मग मला मेसेज. उलटं करू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे.

तुझा,
बाळ्या

ता.क. ती शबनम माझी होती. तू अजून सगळ्यांना तुझी म्हणून सांगतोस असं कानावर आलंय.