लसीनंतरचा ताप आणि खरा हिशेब

संपादक महोदय,

बालकांच्या नियमित लसीकरणाचा विषय निघाला की 'लसीने काहीच होत नाही' असे ठासून सांगणारे मला लसविरोधकांइतकेच अपाय करणारे वाटतात.

आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या दीड महिन्याच्या नातवाला पेंटाव्हॅलंटची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीची, सुई टोचली. रात्री अंग तापले, मांडीवर सुपारीएवढी गाठ आली, मूल पहाटेपर्यंत रडत होते. असे होऊ शकते, हे कोणी सांगितलेच नव्हते. घाबरून सुनेने पुढचा डोस टाळला. लस फुकट असली, तरी टोचण्याच्या दिवसाची आणि तापलेल्या बाळापायी दुसऱ्या दिवसाची, अशी दोन दिवसांची मजुरी तिची बुडाली होती. माझ्या नातीलाही तसाच ताप आला होता, परंतु डॉक्टरांनी आधीच बजावल्यामुळे आम्ही निर्धास्त होतो.

हीच सुई घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा जिवाणू) यांपासून राखते. घटसर्पात घशात करडा पडदा धरून श्वास कोंडतो. आजच्या बहुतेक आयांनी तो पाहिलेला नाही, त्यामुळे ताप मोठा वाटतो, यात नवल नाही.

लसीचे तोटे मान्य केल्याने कार्यक्रम कोसळत नाही, हे पोलिओने दाखवले आहे. थेंबांतील दुबळा केलेला जिवंत विषाणू लाखो डोसांमागे एखाद्या बालकाला पांगळे करू शकतो. पोलिओ विषाणूच्या तीन प्रकारांपैकी टाईप २ च्या नैसर्गिक (लसीतून न आलेल्या) पोलिओचा शेवटचा रुग्ण १९९९ मध्ये अलीगढला आढळला. त्यानंतर त्या प्रकारापुरता रोगाचा धोका सरला आणि लसीचा तेवढा उरला, म्हणून एप्रिल २०१६ मध्ये तो घटक थेंबांतून वगळला गेला. (इतकी वर्षे का लागली, हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे.) त्याच्या काही महिने आधी मृत विषाणूची सुईही सुरू झाली होती. मात्र 'पोलिओ गेला, आता बाकीच्या लसी कशाला' हा तर्क गोवराला लागू पडत नाही. तो अजून आपल्यात आहे आणि त्याला रोखायला शंभरातील किमान पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात.

तेव्हा सुईनंतर काय होऊ शकते आणि केव्हा दवाखाना गाठावा, हे टोचतानाच आईला समजावून सांगावे, आणि मजुरांच्या वस्तीत सुट्टीच्या दिवशीही लसीकरण ठेवावे. त्या नातवाचा दुसरा डोस अडीच महिने उशिरा झाला. चुकलेला डोस नंतर घेतला तरी चालतो, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, हे त्याच्या आईला त्या दिवशी प्रथम कळले.

एक आजी,
रामबाग, इंदूर