आधी खड्डा खणायला सांगितलंत, त्याबद्दल

आदरणीय काका,

भाजीपाला उंच वाफ्यात, म्हणजे फळ्यांच्या चौकटीत भरलेल्या मातीत, लावावा की थेट जमिनीत, असं विचारलं की बहुतेक जण फळ्यांच्या मापापासून सुरुवात करतात. तुम्ही आधी एक खड्डा खणायला सांगितलंत. त्याचेच हे आभार. चारचौघांत मानतोय, म्हणजे याच प्रश्नाशी अडलेल्यांना ही रीत कळेल.

खड्डा ३० सेंटीमीटर लांब-रुंद आणि तेवढाच खोल. पाण्याने भरायचा, जिरू द्यायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून दर तासाला पट्टीने पातळी बघायची. पहिलं पाणी मोजायचं नाही, कारण कोरडी माती ते अधाशासारखं पिते. निचरा कळतो तो भिजलेल्या मातीतच. तासाला २.५ ते ७.५ सेंटीमीटर पाणी उतरलं तर जमिनीतच लावा, फळ्यांवर खर्च कशाला, हे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. त्याहून हळू उतरलं तर मुळं गुदमरतात, तिथे वाफा उंच हवा. झरझर उतरलं, म्हणजे जमीन रेताड असली, तर उंच वाफा उलट नडतो. बाजूंनीही तापतो आणि आणखी लवकर सुकतो.

चौकटीचा हिशेब तुम्ही आधीच मांडून दिलात हे फार बरं केलंत. २.४ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर उंच चौकटीत ८६४ लिटर माती मावते. ती खचते, म्हणून एक घनमीटर धरायची. ओली झाली की तिचं वजन टनाच्या वर जातं, तेव्हा लांब फळी मधोमध फुगते; तिथे आडवा ताण, म्हणजे समोरासमोरच्या फळ्या बांधून धरणारी पट्टी, हवाच. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं कंपोस्ट. नुसतं कंपोस्ट भरलं तर ते कुजत जातं आणि वाफा बसतो. रुंदी १.२ मीटरच्या वर नको, नाहीतर मध्यापर्यंत हात पोचत नाही, वाफ्यात पाय पडतो आणि माती दबते.

तळाला खडी घालू नका, हे तुम्ही ठासून सांगितलंत. बारीक मातीतलं पाणी ती पुरती भिजल्याशिवाय खडीत उतरतच नाही, खडीच्या वरच साचून राहतं. त्यापेक्षा खालची जमीन १५ सेंटीमीटर उकरून मोकळी करणं कितीतरी चांगलं.

सगळ्यात मोलाचा मात्र बिनचौकटीचा गादीवाफा. वाफा १.२ मीटर, वाट ४५ सेंटीमीटर. वाटेतली १५ सेंटीमीटर माती उचलून वाफ्यावर पसरली की वाफा पाच-सहा सेंटीमीटर चढतो, वाट १५ ने उतरते आणि वीसेक सेंटीमीटरचा फरक मिळतो, तोही विकतची माती न आणता. कडा उतरत्या ठेवून वर आच्छादन घातलं की पावसात ढासळत नाहीत. भोपळा आणि मका मात्र तुम्ही म्हणालात तसे सपाट जमिनीतच.

आपले ऋणी,
वाफे आखायला बसलेले आम्ही सगळे