एडिस्टनचा मनोरा धड होता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत दीपगृहांवरचा लेख वाचला. त्यात इंग्लंडजवळच्या समुद्रातल्या एडिस्टन खडकावरचा जुना मनोरा ‘कमकुवत झाल्याने पाडला’ असं छापलंय. ते चूक आहे. मनोरा धड होता, खालचा खडक लाटांनी पोखरला होता. म्हणून १८८२ मध्ये शेजारी नवा बांधला आणि जुन्याचा वरचा भाग उतरवून प्लिमथच्या किनाऱ्यावर पुन्हा उभा केला. बुंधा अजून समुद्रातच आहे.

मी समुद्र एकदाच पाहिला, पण चाळीस वर्षं विहिरी बांधल्या, म्हणून लिहितो.

त्या खडकावरचं पहिलं लाकडी दीपगृह १७०३ च्या वादळात बांधणाऱ्या विन्स्टनलीसकट गेलं. दुसरं १७५५ मध्ये जळालं. मग जॉन स्मीटन या अभियंत्यानं दगडाचं बांधलं, ओकच्या झाडासारखं बुडाशी रुंद. तोच हा जुना मनोरा. प्रत्येक दगड शेजारच्यात अडकवलेला, सुतार पेटीच्या कोपऱ्यात फळ्या अडकवतो तसा. लाट ओढणार तरी कोणाला? १७५९ मध्ये वर दिवा लागला, तोही २४ मेणबत्त्यांचा!

तुमच्या लेखकानं चुन्याचं नावही घेतलं नाही. साधा चुना पाण्यात टिकत नाही. स्मीटननं वेगवेगळ्या चुन्याचे गोळे पाण्यात ठेवून पाहिले. ज्या चुनखडीत माती असते, तिचाच चुना पाण्याखाली घट्ट होतो, हे त्याला उमगलं. त्यात त्यानं इटलीहून आणलेली ज्वालामुखीची माती मिसळली. आमच्याकडे तिच्या जागी सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड.

हे कळलं तेव्हा मला आमचा बाप आठवला. अंगठेबहाद्दर माणूस, पण भट्टीला नाल्याकाठची मळकट चुनखडीच आणायचा. कोणी पांढरीशुभ्र दाखवली की म्हणायचा, “हे भिताडं रंगवाले ठेव, विहिरीले नाही चालत.”

त्याच्या हातची गावविहीर मागच्या उन्हाळ्यात दुरुस्तीला काढली. तिला काही झालं नव्हतं, निधी आला होता. ठेकेदारानं आतून सिमेंटचा गिलावा मारला. पावसाळ्यात काळी माती फुगली आणि दिवाळीपर्यंत गिलाव्याचे पोपडे बादलीत येऊ लागले. मला आता पायऱ्या उतरवत नाहीत. नातवाला खाली धाडलं, उघड्या पडलेल्या सांध्यात खिळा ठोकून पाहा म्हटलं. वाकडा झालेला खिळा घेऊन तो वर आला.

एडिस्टनची दुरुस्ती तेवढी छापावी.

आपला वाचक,
एक जुना गवंडी
ता. दारव्हा, जि. यवतमाळ