तोंड आल्यावर लवंगेचं तेल जपून

महोदय,

तोंड आलं की आपल्याकडे लवंगेच्या तेलाचा बोळा ठरलेला. मागच्या महिन्यात माझ्या आईने तो थेट व्रणावर दाबून धरला. आतली नाजूक त्वचा भाजून पांढरी पडली, दोन दिवस मऊ भातही गिळवेना. लवंगेतल्या युजेनॉलने जिवाणू मरतात, ठणका बधिर होतो, हे खरं. पण निर्भेळ तेल तितकंच भाजतं. शिवाय नेहमीचं तोंड येणं बहुधा जिवाणूंमुळे नसतंच. गाल चावला जाणं, बी-१२ किंवा लोहाची कमतरता अशी कारणं निघतात. लहान मुलाच्या पोटात हे तेल गेलं तर यकृताला इजा होऊ शकते. बाटलीवर तशी ठळक मराठी सूचना हवीच. आणि तंबाखू खाणाऱ्याचा व्रण ३ आठवड्यांत भरला नाही, तर तेल लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

– एक वाचक, सातारा