सरड्याच्या वाट्याचे ऊन

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत वाचकांनी पाठवलेली वन्यजीवांची छायाचित्रे मी अनेक वर्षे आवडीने पाहत आलो आहे. अलीकडे त्यांतील बेडूक, सरडे, सापसुरळ्या अशा लहान प्राण्यांची बहुतेक चित्रे काळ्याभोर पार्श्वभूमीवर दिसतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होत जातो. त्यामुळे प्राण्याच्या चौपट अंतरावर असलेल्या पानावर त्याचा सोळावा हिस्साच पोहोचतो, आणि भर दिवसा टिपलेली सापसुरळीही गवत, माती आणि तिच्या दगडापासून तुटून अंधारात तरंगत असल्यासारखी दिसते. तिच्या गुळगुळीत खवल्यांवरची तांबूस झाक पांढऱ्या ठिपक्यांखाली हरवते, ते वेगळेच.

सूर्य क्षितिजालगत असताना त्याच्या किरणांना हवेचा जाड थर ओलांडावा लागतो, त्यात निळा प्रकाश विखुरतो आणि पिवळसर, तिरपे ऊन आपल्यापर्यंत येते. या उन्हात खवल्यांचा उठाव स्पष्ट होतो, डोळ्यात एक जिवंत चमक येते, आणि खार पाठीमागून उजळली तर तिच्या शेपटीचा केसन् केस वेगळा दिसतो. छायाचित्रकाराला हवे असलेले हेच ऊन सरड्यालाही हवे असते, कारण त्याला अंगाची ऊब बाहेरून घ्यावी लागते. रात्रभर गारठलेला सरडा अंग चपटे करून, उन्हाकडे कूस वळवून बसतो, तेव्हा तो आपल्यासाठी स्थिर बसलेला नसतो. पळण्याइतके बळ त्याच्या अंगात अजून आलेले नसते. म्हणून त्या वेळी जवळ जाणाऱ्याने आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये, हा माझ्या मते या कामातला पहिला नियम आहे. जमिनीवर पालथे पडून, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवून, दर थोड्या वेळाने हातभर पुढे सरकावे. त्याने मान उचलली किंवा पाय आवळले की तिथेच थांबावे.

बेडकासाठी मात्र मी ढगाळ दिवसाची वाट पाहतो. त्याच्या ओल्या त्वचेवर थेट ऊन पडले की चकाकीचे डाग उमटतात. ढगांतून गाळून आलेल्या उजेडात तेच रंग शांतपणे खुलतात. बेडूक या त्वचेतूनही श्वास घेतो, तेव्हा चांगल्या जागी बसवण्यासाठी त्याला हातात उचलणे सर्वस्वी अयोग्य आहे.

नैसर्गिक उजेडाच्या या पद्धतीत अडचणी आहेत, हे मान्य. मॅक्रो लेन्सने, म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या भिंगाने, प्राणी सेन्सरवर (कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर) त्याच्या मूळ आकाराइतका टिपताना सेन्सरपर्यंत साधारण एक चतुर्थांशच प्रकाश पोहोचतो आणि स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम एक-दोन मिलिमीटर उरते. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, लहान करावे तर उजेड आणखी घटतो. शटर मंद ठेवावे तर खारीच्या मिशीची थरथरही चित्र बिघडवते. मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, १६०० किंवा ३२०० पर्यंत न्यावा लागतो आणि चित्रात कण दिसू लागतात. मी पहाटेच्या उजेडात टिपलेले खारीचे चित्र एका स्पर्धेत ‘कणीदार आणि अंधारे’ म्हणून नाकारले गेले. त्या चित्रातला अंधार त्या पहाटेचाच होता, आणि तो पुसून टाकण्याची माझी आजही तयारी नाही.

फ्लॅशला माझा सरसकट विरोध नाही. जॉर्ज शिरास यांनी रात्री फ्लॅशच्या उजेडात टिपलेली वन्यप्राण्यांची छायाचित्रे ‘नॅशनल जिओग्राफिक’ने जुलै १९०६ मध्ये छापली, तेव्हा निशाचरांचे एक अनोळखी जग लोकांसमोर आले. परंतु जो प्राणी उन्हात जगतो, त्याला उन्हातच दाखवावे.

आपणास विनंती अशी की, चित्राखाली प्राण्याच्या नावासोबत वेळ आणि प्रकाशाचा स्रोत छापावा, तसेच प्राण्याला हलवले, थंड केले किंवा बंदिस्त ठेवले नव्हते, असे लेखी निवेदन चित्र स्वीकारतानाच घ्यावे. निवड करताना थोडे कण दिसले म्हणून नैसर्गिक उजेडातले चित्र बाजूला टाकू नये.

आपला,
एक नियमित वाचक